चकाकी-मीमांसा, अर्थात गाडी पुसण्याचे शास्त्र

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगावे असा आपल्याकडे दंडक आहे. ग्रंथाचा विषय काय, प्रयोजन काय, दोहोंचा संबंध काय आणि तो वाचण्याचा अधिकार कोणाला, एवढे आधी मिटवले की पुढे हवे तेवढे भरकटता येते. तर विषय: मोटारगाडी धुणे, पुसणे, घासणे आणि तिला मेण लावणे. प्रयोजन: शेजाऱ्याने ‘नवीन घेतली का?’ असे विचारणे. संबंध: वाटतो त्यापेक्षा पुष्कळ लांबचा, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप. अधिकारी: ज्याच्या नावावर गाडीचे हप्ते चालू आहेत तो. गाडी चालवणारा अधिकारी नव्हे. तो बहुधा चिरंजीव असतो आणि त्याचे गाडीविषयीचे ज्ञान एसीच्या बटणापाशी संपते.

आता मुख्य प्रश्न. चकाकी हा पदार्थ आहे काय? बाजाराचे म्हणणे, आहे. तो बाटलीत मिळतो. वैशेषिकांच्या परंपरेत अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला, आणि या वादात प्रस्तुत लेखक वैशेषिकांच्या बाजूने उभा आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश शिस्तीत एका दिशेने परततो, खरखरीत पृष्ठभागावरून तो सैरावैरा पांगतो. तेव्हा चकाकी म्हणजे चऱ्यांचा अभाव. अभाव विकत आणता येत नाही. मग बाटलीत काय असते, याचा विचार यथावकाश करू.

हा अभाव नेमका कुठे राहतो, तेही पाहिले पाहिजे. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. गंज लागू नये म्हणून विजेच्या साहाय्याने चढवलेला पहिला, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक बिनरंगी पारदर्शक थर, ज्याला रंगारी नुसते ‘क्लिअर’ म्हणतात. चारही मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. डोक्यावरचा केस साधारणपणे याहून जाड असतो. (ज्यांच्याकडे नमुना उपलब्ध नाही त्यांनी शेजाऱ्याचा घ्यावा.) म्हणजे मोती पांढरा हवा की रुपेरी यावरून घरात तीन आठवडे अबोला धरून जो रंग निवडला, त्या रंगाला आपला हात कधी लागतच नाही. आपण आयुष्यभर पुसतो ते वरचे क्लिअर.

या क्लिअरचा शत्रू कोण? धूळ, असे कोणीही सांगेल. पण कोणती धूळ, हे सांगायला भूगर्भशास्त्र लागते. पुण्या-साताऱ्याकडची धूळ म्हणजे बरीचशी दख्खनच्या काळ्या कातळाचा, बसाल्टचा चुरा. बसाल्टमध्ये मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. फ्रीडरिश मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली काठिण्याची १ ते १० अशी जी उतरंड लावली, तीत फेल्डस्पार ६ व्या पायरीवर बसते, पायरॉक्सीन ५ ते ६ च्या दरम्यान, आणि वाळूत क्वार्ट्झचा कण असेल तर तो ७ व्या. खिडकीची काच साडेपाचवर आहे. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की अर्धवर्तुळाकार ओरखडा का उमटतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. क्लिअर तर शेवटी एक प्रकारचे प्लास्टिकच. तुमच्या गल्लीत इमारतीचे काम चालू असेल आणि क्रश सँडचा ढीग फाटकापाशी पडला असेल, तर तुमच्या बॉनेटवर रोज रात्री घासकागदाचा कच्चा माल येऊन बसतो. मात्र बसलेली धूळ निरुपद्रवी असते. तिला चरा पाडायचा तर कोणीतरी वरून दाबून फिरवणारा लागतो.

तो सकाळी साडेसहाला येतो.

त्याच्या हातातले फडके जवळून पाहण्यासारखे आहे. ते बहुधा एक सेवानिवृत्त बनियन असते. काखेखालची दुहेरी शिवण जशीच्या तशी, गळ्याची पट्टी तशीच. त्या शिवणीच्या खाचेत कालची वाळू बसलेली असते. चिमटीत धरून चोळले तर कचकच लागते. हे फडके खांद्यावरून निघते, एकदा हवेत झटकले जाते (हा झटका म्हणजे शुद्धीकरणाचा सर्व विधी) आणि टपापासून डिकीपर्यंत एका लयीत फिरते. गाडी पुसून झाली की लांबून झकास दिसते. गाडी मळते रस्त्यावर, झिजते पार्किंगमध्ये. आणि या झिजण्याला आपण दरमहा पैसे मोजतो. हा प्रस्तुत ग्रंथाचा सिद्धान्त. पुढचे सगळे त्यावरचे भाष्य आहे.

पूर्वपक्ष असा: आमच्या गाडीवर चरे नाहीत. उत्तर असे: गाडी गडद रंगाची असेल तर ती उन्हात उभी करा आणि बॉनेटवरचे सूर्याचे प्रतिबिंब पाहा. त्याभोवती बारीक रेघांचे कडे दिसेल, एकात एक, अगदी कंपासने आखल्यागत. पार्किंगमधल्या बल्बखाली किंवा मोबाईलच्या टॉर्चखालीही दिसेल. इथे सोसायटीतले जाणकार तत्काळ निदान करतात की पुसणारा हात गोल फिरवतो, त्याला सरळ पुसायला सांगा. निदान चुकीचे आहे. चरे सर्व दिशांना वेडेवाकडे पडलेले असतात. प्रकाशाच्या ठिपक्याभोवतीच्या वर्तुळाला जे स्पर्शिकेसारखे जातात तेवढेच चरे प्रकाश आपल्या डोळ्यांकडे पाठवतात, बाकीचे अदृश्य राहतात. टॉर्च हलवा, कडे टॉर्चबरोबर चालू लागते. तुम्ही हला, ते तुमच्याबरोबर येते. म्हणजे ते मंडळ बॉनेटवर नसून बॉनेट, दिवा आणि पाहणारा यांच्या संगनमतात असते. मायावाद्यांना याहून सोयीचा दृष्टान्त मिळायचा नाही. चरे मात्र माया नव्हेत. सरळ पुसल्याने ते सरळ पडतात, एवढाच काय तो फरक.

कोरड्या फडक्यावर बोट ठेवले की प्रकरण पाण्याकडे वळते, आणि पाणी आले की पंथ आले.

पहिला पंथ एकबादली अद्वैताचा. एक बादली, एक फडके. फडके गाडीवरून बादलीत आणि बादलीतून गाडीवर. दुसऱ्या गाडीपर्यंत मळ आणि पाणी यांतला भेद मावळू लागतो. पाचव्या गाडीला मळ, पाणी, फडके आणि पुसणारा यांचे संपूर्ण तादात्म्य झालेले असते. जत्रेत खंडोबाचा भगत बारा गाड्या ओढतो तेव्हा भंडारा उधळला जातो. आमच्याकडे एक बादली रोज बारा गाड्या ओढते, तिला कोणी नमस्कारसुद्धा करत नाही.

दुसरा पंथ द्वैती. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. दोन्हींच्या तळाशी प्लास्टिकची जाळी. फडके शाम्पूत बुडवायचे, गाडीचा एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात जाळीवर घासून खळबळायचे आणि मगच पुन्हा शाम्पूत. खडा जाळीखाली, पाणी जाळीवर. दोघांची पुन्हा भेट नाही. यांच्यातले कर्मठ लोक चाकांसाठी तिसरी बादली ठेवतात, कारण चाकांवर ब्रेकच्या झिजेतून निघालेला लोखंडाचा चुरा असतो आणि तो पंक्तीला बसवणे योग्य नाही. धुण्याचा क्रम वरून खाली, कारण खडी आणि चिखल खालच्या पट्ट्यात जास्त. फडके जमिनीवर पडले तर ते ओवळे. झटकून चालत नाही, त्या दिवसापुरते ते बाद. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असले पाहिजे. एवढे सोवळे पाळणारा मनुष्य दोन तास गाडीभोवती फिरत असतो आणि घरचे लोक दोन तास त्याच्यावाचून आनंदात असतात, हा या पंथाचा लौकिक लाभ.

तिसरा विशिष्टाद्वैती: बादली एकच, पण फडकी अनेक. आठ-दहा मायक्रोफायबर एकाच बादलीत भिजत ठेवायची, प्रत्येकाची घडी घालून एकेका बाजूने एकेक भाग पुसायचा, आणि वापरलेले फडके त्या बादलीत पुन्हा कधीही जाऊ द्यायचे नाही. पाणी कमी लागते. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांना हेच दर्शन परवडते असे लेखकाचे स्पष्ट मत आहे. एक व्यावहारिक अडचण: ही फडकी पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडच्या धाग्यांची असतात, सुती कपड्यांबरोबर धुतली की सगळी तूस गोळा करून येतात. म्हणून ती मशीनमध्ये वेगळी टाकावी लागतात. या एका वाक्याने अनेक घरांत शास्त्रार्थ झडला आहे आणि प्रत्येक वेळी शास्त्र हरले आहे.

चौथे चार्वाक. हे गाडी वॉशिंग सेंटरवर सोडतात आणि शेजारच्या टपरीवर कटिंग घेतात. प्रेशर पंपाने पाणी मारले जाते, फेस उडतो, गाडी क्षणभर ढगात जाते. दृश्य देखणे असते. मग फेसातून एक मुलगा हातमोजा घेऊन येतो. आपल्या आधी रॅम्पवर ताम्हिणी घाटातून आलेली चिखलाने माखलेली जीप होती आणि तिलाही हाच हातमोजा लागला होता, हे चहा पिणाऱ्याला दिसत नाही.

शाम्पूऐवजी भांड्यांचे लिक्विड वापरणारेही पुष्कळ आहेत. त्यांचा वेगळा पंथ मानण्याचे कारण नाही. तेलकटपणा काढणे हे त्या लिक्विडचे जन्मजात कर्तव्य आहे आणि मेण तेलकटच असते. तेव्हा रविवारी लावलेले मेण पुढच्या रविवारी बादलीत जाते.

हे सारे ज्ञान पार्किंगमध्ये उतरवण्याचा एक प्रयत्न पुढीलप्रमाणे नोंदला गेला आहे.

“काका, आज पाणी नाही आलं. कपडा मारून घेतो.”

“कोरडा नको मारूस रे, चरे पडतात.”

“मग ओला मारतो.”

“ओला फिरवलास की धुळीचा चिखल होतो. तो अजून घासतो.”

“मग नुसतं पाणी मारू?”

“पाणी नाही म्हणालास ना?”

“नाहीच आहे.”

“मग राहू दे आज.”

“राहू दे कसं, काका? तुम्ही म्हणाल राहू दे, आणि सेक्रेटरी म्हणतील याने गाडी पुसलीच नाही. धूळ दिसते ना.”

नेति नेति करत काका ब्रह्मापर्यंत पोहोचले, पण सेक्रेटरी ब्रह्माच्याही पलीकडे असतात. यातला पुसणाऱ्याचा युक्तिवाद बिनतोड आहे. न पुसलेल्या गाडीचा फायदा मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो. न पुसल्याचा पुरावा मात्र काचेवर बोटाने नाव लिहिण्याइतका ढळढळीत. त्याला पगार अभावाचा मिळत नाही, क्रियेचा मिळतो. म्हणून क्रिया होत राहते.

चरे पडले की पॉलिश. इथे थोडा इतिहास आवश्यक आहे. मोटारीच्या आरंभकाळात ब्रशने वॉर्निश चढवत आणि थरामागून थर वाळायला आठवडे लागत. १९२३ साली जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांना ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग दिला आणि वाळण्याचे काम तासांवर आले. (आपल्या सुतारांनी कपाटांच्या ‘ड्युको फिनिश’मध्ये हे नाव अजून जिवंत ठेवले आहे.) हा रंग आपोआप चमकत नसे, घासून चमकवावा लागे. जुन्या रंगांवर वरचे क्लिअर नव्हतेच. उन्हाने वरचा पापुद्रा पांढुरका पडे, तो रबिंग करून काढला की खालचा ताजा रंग उघडा होई आणि फडके रंगून निघे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीला, जिची टॅक्सी म्हणून सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, अशी घासाघीस मानवत असे. ‘रबिंग-पॉलिश’ हा जोडशब्द गॅरेजवाल्यांच्या तोंडी त्याच काळापासून बसला, आणि गाडीची जात बदलली तरी हात तोच राहिला.

आजच्या गाडीत पॉलिश म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या बारीक कणांनी चऱ्याच्या आजूबाजूचे क्लिअर खरवडून चऱ्याच्या तळापर्यंत आणणे. चरा भरला जात नाही, आसपासची जमीन खाली जाते. एका वेळी जाते एखाद-दोन मायक्रॉन. जोर लावून कंपाउंडिंग केले तर जास्त. ठेवीदार वाचकांसाठी सांगायचे तर ही चकाकी व्याजातून येत नाही, मुद्दल मोडून येते. खाते ४०-५० मायक्रॉनचे, आणि त्यातलेही सगळे काढता येत नाही, कारण उन्हाला अडवणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे उठतात, पापुद्रे सुटतात. रंगारी मान हलवून म्हणतो, “क्लिअर उडाली.” दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेणाऱ्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावे.

आता बाटली, किंवा डबी. मेणांमध्ये श्रेष्ठ मानले जाते ते कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधल्या सेआरा, पियाउई या कोरड्या प्रदेशांत कार्नौबा नावाचा ताड वाढतो. कोरड्या हंगामात पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपल्या पानांवर मेण चढवतो. पाने तोडून वाळवतात, झोडपतात, आणि निघालेली भुकटी वितळवून गाळतात. हे मेण वितळायला ८० अंशांहून थोडे अधिकच तापमान लागते, म्हणून अकोल्याच्या मे महिन्यातही ते बॉनेटवर तग धरू शकते. हेच मेण ई ९०३ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत चालते. चॉकलेटच्या गोळ्यांवर आणि औषधाच्या कित्येक गोळ्यांवर जो तुकतुकीतपणा असतो तो याचाच. तेव्हा गाडीवर मेण लावून दमलेला मनुष्य अंगदुखीची गोळी घेतो, तेव्हा पोटातही थोडे वॅक्सिंग होण्याचा संभव आहे.

मेण लावायचे ते अगदी पातळ. नवशिक्याला वाटते थर जाड तेवढी चमक जास्त. जास्तीचे सगळे शेवटी फडक्यातच जाते. लावल्यावर ते धुरकट पांढुरके होऊ द्यावे, मग एका बोटाने रेघ ओढून पाहावी. बोटाखाली लख्ख पट्टी उमटली तर पुसायची वेळ झाली. रेघ फरफटली तर थांबावे. साऱ्या शास्त्रात हाच एक क्षण असा, जिथे बोट हे उपकरण आहे. मेण काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. त्या काळात पाण्याचे थेंब बॉनेटवर टपोरे उभे राहतात, पृष्ठभागाशी ९० अंशांहून मोठा कोन करून. मालक मगभर पाणी ओतून पाहुण्यांना ते दाखवतो. पाहुणे मान डोलावतात आणि थेंब उन्हात वाळतात. पाणी बोअरचे असेल तर प्रत्येक थेंब जाताना आपल्या क्षारांचा पांढरा ठिपका मागे ठेवतो. टपोरा थेंब, टपोरा ठिपका.

क्षारांवर उतारा आम्ल, म्हणजे पाणी घातलेले व्हिनेगर किंवा लिंबू, आणि लगेच भरपूर पाण्याने धुणे. या दृष्टीने खंडेनवमी-दसऱ्याच्या वाहनपूजेत लिंबू आणले जाते हे आपल्या पूर्वजांच्या द्रष्टेपणाचे लक्षण म्हणता आले असते. फक्त ते चाकाखाली चिरडले जाते. वर बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक निघते आणि झेंडूची माळ सेलोटेपने चिकटते. फुले सुकून काळी पडली तरी माळ काढायची नाही, असा अलिखित नियम असल्याने ती दिवाळीपर्यंत वाऱ्याने हलत राहते आणि एकाच जागी बॉनेट घासते. हळद उन्हाने फिकी पडते. सेलोटेपचा डिंक त्याहून श्रद्धाळू असतो.

सिरॅमिक कोटिंगविषयी थोडक्यात. हा सिलिकायुक्त द्रवाचा पातळ थर. मेणापेक्षा खूपच टिकाऊ, आणि पाणी व मळ त्यावर कमी चिकटतो, हे खरे. पण शोरूममधला तरुण (शोरूमचे नाव कशाला घ्या) आवाज खाली आणून सांगतो, “सर, नाइन एच. हिऱ्याच्या खालोखाल.” हा ९ मोह्सच्या उतरंडीतला नव्हे. ‘९ एच’ ही पेन्सिलीची जात आहे. चित्रकलेच्या तासाला एचबी, टू बी म्हणत होतो त्याच पट्टीच्या कडक टोकाची पेन्सिल. ती ठरावीक दाबाने, तिरकी धरून थरावर ओढली आणि ओरखडा उठला नाही, तर थर ९ एच. म्हणजे आपली गाडी एका पेन्सिलीपासून सुरक्षित झाली. बसाल्टची धूळ पेन्सिल घेऊन येत नाही. तरुणाला हे सांगितले असता त्याने “सर, पाच वर्षांची वॉरंटी आहे” असे उत्तर दिले, आणि त्यावर कोणत्याही दर्शनात प्रतिवाद सापडत नाही.

आकाशातून होणाऱ्या उपद्रवांत कबुतर पहिले. त्याच्या विष्ठेत युरिक आम्ल असते, आणि उन्हाने तापून मऊ झालेले क्लिअर रात्री आकसताना त्या डागाचा आकार स्वतःत कोरून घेते. म्हणून ती दिसताक्षणी भिजवून उचलावी, खरवडू नये. दुसरा आंबा. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा खाली सोडतात. झाडाखाली गाडी लावणाऱ्याला सावली फुकट मिळते, पण काच चिकट. उंबराखाली लावणाऱ्याची कीव करावी. तिथे रात्री वटवाघळे जेवायला येतात.

पावसाने गाडी आपोआप धुतली जाते या मताचे खंडन करण्याची गरज लेखकास वाटत नाही. पहिल्या पावसानंतर आपली पांढरी गाडी पाहावी.

फलश्रुती. जो हे प्रकरण रोज पहाटे पार्किंगमध्ये उभा राहून मोठ्याने वाचील, त्याच्या शेजारच्या जागेत महिन्याभरात कोणी गाडी लावेनासे होईल. त्यायोगे शेजाऱ्याच्या दाराचे पोचे टळतील, जे कोणत्याही मेणाने टळत नाहीत. जो हे पुसणाऱ्याला वाचून दाखवील, त्याला दुसरा पुसणारा शोधावा लागेल; आणि मधल्या काळात गाडीवर धूळ साचेल, पण चरा एकही पडणार नाही. जो हे घरात वाचील, त्याला मायक्रोफायबरसाठी वेगळी बादली मिळेल. ती बाल्कनीत ठेवावी लागेल.